पासवर्ड वहीत की फोनमध्ये? दोन्हीकडे, पण वाटणी करून

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा आप्पांनी माडीवर आधी देव नेले, मग गॅसची टाकी, मग धान्याचे डबे. पासवर्डची डायरी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात राहून गेली. पाणी ओसरल्यावर आईने ती गच्चीवर वाळत घातली. उघडली तर पानोपानी निळे ढग. आप्पांचं अक्षर मोत्यासारखं, पण लिहायचे जेल पेनने. साऱ्या डायरीत एकच ओळ शाबूत होती: पेन सापडलं नाही म्हणून पेन्सिलीने खरडलेला वीजबिलाच्या खात्याचा पासवर्ड.

मी आप्पांना चार शब्द सुनावले. हल्ली कोण वहीत लिहितं, वगैरे. त्याच दिवाळीत माझा फोन रिक्षात राहिला आणि माझी चांगली जिरली. सगळे पासवर्ड त्या फोनमध्ये. नव्या फोनवर मेल उघडायला पासवर्ड हवा, तो हरवलेल्या फोनमध्ये. 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं की कोड जाणार हरवलेल्या सिमवर. किल्ली आत आणि दाराला कुलूप. नवं सिम सुरू होऊन मेल उघडेपर्यंत नऊ दिवस गेले.

तेव्हापासून नात्यात किंवा सोसायटीत कुणाचं खातं अडकलं की मला बोलावणं येतं. आठ-दहा घरांच्या वह्या आणि फोन पाहून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. प्रत्येक पासवर्डला दोन प्रश्न विचारायचे. हा कुणाच्या हाती पडता कामा नये? आणि उद्या मी आडवी झाले तर कुणाच्या हाती पडलाच पाहिजे? पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा कुणी विचारत नाही, आणि निम्मी घरं तिथेच अडकतात.

कागदाची बदनामी

'पासवर्ड कुठेही लिहू नका' हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की वही काढताना अपराधी वाटतं. पण २००५ साली अमेरिकेतले सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी उलट सांगितलं होतं: पासवर्ड अवघड ठेवा, कागदावर लिहा आणि तो कागद पाकिटात ठेवा. नोटा सांभाळायची सवय माणसाला असतेच, त्यात आणखी एक कागद. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे जेस्पर योहानसन ऑस्ट्रेलियातल्या एका परिषदेत म्हणाले की माझे ६८ वेगवेगळे पासवर्ड आहेत, लिहायला बंदी केलीत तर मी सगळीकडे एकच ठेवीन.

खरा रोग तो आहे. सगळीकडे एकच. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाखांहून जास्त पासवर्ड चोरीला गेले, तेही साध्या मजकुरात साठवलेले. त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला पासवर्ड १२३४५६ होता. अशा याद्या चोर फेकून देत नाहीत. एका जागी फुटलेला मेल आणि पासवर्ड यंत्राच्या वेगाने शंभर ठिकाणी लावून पाहिला जातो. तुमची वही ड्रॉवरमध्ये असेल तर परदेशात बसलेल्या चोराला ती दिसत नाही. कुठल्याशा फुटकळ दुकानाच्या साइटवर दिलेला, आणि मेललाही तोच असलेला पासवर्ड मात्र त्याला घरबसल्या मिळतो.

म्हणून कागद सोवळा, असंही नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या टीव्ही५ मोंद वाहिनीवर सायबर हल्ला झाला. त्याची बातमी देताना कर्मचाऱ्याच्या मागच्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या कॅमेऱ्यात आल्या आणि त्यांवर पासवर्ड होते. हवाईच्या आपत्कालीन कार्यालयातल्या एका फोटोतही मॉनिटरला चिकटवलेली अशीच चिठ्ठी दिसत होती. जानेवारी २०१८ मध्ये तिथून क्षेपणास्त्राचा खोटा इशारा गेला आणि लोकांनी तो जुना फोटो उकरून काढला. आपल्याकडे मॉनिटरऐवजी कॅलेंडरची मागची बाजू असते आणि फ्रिजवरचं चुंबक असतं. घरात पाहुणे येतात, फोटो निघतात, फोटो फॅमिली ग्रुपवर जातात.

पहिलं काम: मोजणी

एक रविवार काढा. वही घ्या आणि फक्त खात्यांची नावं लिहा, पासवर्ड नकोत. डोक्याने आठवू नका, निम्मी सुटतात. ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डची यादी उघडा, मेलमध्ये 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय' शोधा, फोनवरची अॅप्स एकेक पाहा. साठ-सत्तर खाती सहज निघतात. माझी ९४ निघाली, त्यातली चाळीसएक बंद करून टाकण्यासारखी होती.

आता त्यांचे चार ढीग करा.

पहिला ढीग मुळांचा: मुख्य ईमेल, फोनचं लॉक, मोबाइल नंबर आणि पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं अॅप) वापरत असाल तर तो उघडायचा मास्टर पासवर्ड. ही मुळं हातात असतील तर बाकीची बहुतेक खाती परत मिळवता येतात, कारण 'पासवर्ड विसरलात?' चा मेल किंवा ओटीपी शेवटी इथेच येतो. चोरालाही हे ठाऊक असतं. लोक बँकेचा पासवर्ड जिवापाड जपतात आणि ईमेलला मुलाचं नाव व जन्मसाल ठेवतात.

दुसरा ढीग पैशांचा: नेट बँकिंग, डिमॅट, म्युच्युअल फंड. तिसरा सरकारी: प्राप्तिकर, पीएफचं यूएएन, डिजिलॉकर. चौथ्यात उरलेलं सगळं, म्हणजे रेल्वेचं तिकीट, वीजबिल, किराणा, सिनेमे.

वाटणी अशी: पहिला ढीग कागदावर. दुसरा आणि तिसरा पासवर्ड मॅनेजरमध्ये, चौथाही तिथेच. यूपीआयचा पिन, एटीएमचा पिन आणि कार्डामागचे तीन आकडे कुठेच नाहीत. पिन चार किंवा सहा आकडी असतो, रोज हाताखालून जातो, तेवढा डोक्यात ठेवा. विसरलात तर नवा करून मिळतो.

घरात कुणाला मॅनेजर जमणारच नसेल, सत्तरीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांचे चारही ढीग वहीत गेले तरी माझी हरकत नाही. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि तो वहीत, हे सगळीकडे एकच पासवर्ड आणि तो डोक्यात, यापेक्षा कितीतरी बरं.

वही कशी लिहायची

आमच्या पुरानंतर मी घरात जेल पेन बंद केलं, निदान या कामासाठी. साध्या बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्यात टिकते. पेन्सिल त्याहून टिकते, फक्त खोडली जाते. प्रिंट काढायची तर लेझर प्रिंटरवर काढा. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते. एटीएमच्या पावतीसारख्या गुळगुळीत कागदावर काही लिहून ठेवू नका, तो कागद आपोआप पांढरा पडतो आणि लॅमिनेट करायला गेलात तर उष्णतेने काळा होतो. वही शिवलेली असावी. सुट्या कागदांना पाय फुटतात.

आता अक्षरं. इथे सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल आणि मोठा आय, पाच आणि एस, दोन आणि झेड. शून्यावर तिरकी रेघ मारायची, मोठ्या लिपीतल्या अक्षराखाली अधोरेखा द्यायची, असा एक नियम करा आणि वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा. आप्पांच्या नव्या वहीत आणखी एक भानगड निघाली. ते आकडे मराठीत लिहितात. मराठी ४ माझ्या मुलाला इंग्रजी आठ वाटला आणि मराठी १ इंग्रजी नऊ. पीएफचं खातं तीन चुकीच्या प्रयत्नांनी लॉक, आणि आप्पा म्हणतायत, "मी बरोबरच लिहिलंय!" लिहिलं होतं बरोबरच.

एका खात्याला पाच-सहा ओळींची जागा सोडा. साइटचं नाव, लॉगिन नाव, कुठला मोबाइल नंबर जोडलाय, पासवर्ड, तारीख. पासवर्ड बदलला तर जुन्यावर एकच आडवी रेघ मारा आणि खालच्या ओळीवर नवा लिहा. गिरगिटून काळा करू नका. कधी कधी साइट 'बदलला' म्हणते, प्रत्यक्षात जुनाच चालत असतो, तेव्हा तो वाचता यायला हवा. लिहून झाल्यावर वहीत पाहून एकदा लॉगिन करा. डोक्यातून नाही, वहीतून.

वही चोरीला गेली तर, ही धास्ती असेल तर एक जुनी युक्ती आहे, मी तिला शेपटी म्हणते. पासवर्डची शेवटची चार-पाच अक्षरं वहीत लिहायचीच नाहीत. ती सगळ्या खात्यांना एकच आणि फक्त डोक्यात. वहीतला भाग प्रत्येक खात्याला वेगळा असतोच, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा सुटत नाही, आणि वही मिळाली तरी अपुरी. फक्त ही शेपटी घरातल्या एका माणसाला तोंडी सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या मागे ती वही म्हणजे रद्दी.

कुठे ठेवायची

कीबोर्डखाली, लॅपटॉपच्या बॅगेत, फोनच्या कव्हरमागे आणि एटीएम कार्डाच्या पाकिटात ठेवू नका. ज्या वस्तूचा पासवर्ड त्या वस्तूबरोबर तो राहता कामा नये, एवढं सूत्र पुरे. देव्हाऱ्याखालचा खण ही अनेक घरांतली लाडकी जागा आहे आणि घरफोडी करणाऱ्यालाही ती तोंडपाठ असते. मी जुन्या शाळेच्या दाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवते. ती कुणी उघडत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही.

चोरापेक्षा कागदाला पाणी, वाळवी, कसर आणि दसऱ्याची साफसफाई यांचं भय मोठं. झिपच्या प्लास्टिक पिशवीत, आत ओल शोषणारी पुडी, आणि जमिनीपासून वर. माळ्यावर नको, तिथून वस्तू थेट रद्दीवाल्याकडे जातात. मुळांच्या कागदाची एक प्रत दुसऱ्या गावी असावी. माझी बहिणीकडे नाशिकला आहे, तिची माझ्याकडे. पाणी एका वेळी दोन्ही घरांत शिरणार नाही, असा हिशेब.

बँकेचा लॉकर चांगला, पण एकमेव प्रत तिथे नको. रात्री दहा वाजता इस्पितळातून मेल उघडायचा असतो तेव्हा लॉकर बंद असतो, आणि लॉकरधारकच गेला तर तो उघडायला कागदपत्रांचा वेगळा खेळ.

कागद हरवण्याची सगळ्यात महागडी गोष्ट स्टीफन थॉमस या प्रोग्रामरची. त्याचे ७,००२ बिटकॉइन एका आयर्नकी पेन ड्राइव्हमध्ये बंद आहेत. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. तो ड्राइव्ह एकूण १० प्रयत्न देतो, मग कायमचा मिटतो. २०२१ मध्ये ही गोष्ट गाजली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपलेले होते. त्याने लिहून ठेवलं यात चूक नव्हती. प्रत एकच होती.

फोनमधल्या चोरजागा

डिजिटल म्हणजे काय, हे आधी ठरवू. मी पाहिलेल्या फोनांत पासवर्ड कुठे कुठे होते? कॉन्टॅक्टमध्ये 'शिंदे काका, बँक' या नावाने, नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजे एटीएमचा पिन. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये. डायरीच्या पानाचा फोटो काढून गॅलरीत. लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर 'पर्सनल' नावाच्या एक्सेल फाइलमध्ये.

यातला फोटो सगळ्यात वाईट. तो आपोआप क्लाउडवर चढतो, घरातल्या टॅबवर दिसतो, आणि फोटोतला मजकूर आता शब्द टाकून शोधता येतो. शिवाय गॅलरी पाहायची परवानगी आपण किती अॅप्सना देऊन बसलोय ते एकदा सेटिंगमध्ये जाऊन पाहा. वहीचा फोटो काढला की कागदाचा मुख्य फायदाच गेला, म्हणजे तो इंटरनेटवर नसण्याचा.

आणि लग्नपत्रिका. व्हॉट्सअॅपवर पत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या नावाने एपीके फाइल (म्हणजे फोनवर बसणारं अॅप) येते, कुणीतरी उघडतं, ते अॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर बाहेर जातात. अशा फोनवर एक्सेल काय आणि नोट्स काय, सगळं उघड्यावर.

तिजोरी निवडताना

पासवर्ड मॅनेजर म्हणजे एक कुलूपबंद यादी, जिला एकच मोठी किल्ली असते. चांगल्या मॅनेजरमधले पासवर्ड त्या किल्लीशिवाय वाचता येत नाहीत, कंपनीलाही नाही. साइट उघडली की तो स्वतः पासवर्ड भरतो, आणि पत्ता खोटा असेल तर भरत नाही. बँकेच्या नावाशी एका अक्षराचा फरक असलेली नकली साइट माझ्या डोळ्याला कळणार नाही, त्याला कळते. वहीला हे कधीच जमणार नाही.

पर्याय तीन. बिटवॉर्डन: मोफत, कितीही उपकरणांवर चालतो, यादी त्यांच्या सर्व्हरवर पण कुलूपबंद. कीपास घराण्यातले, म्हणजे संगणकावर कीपासएक्ससी आणि अँड्रॉइडवर कीपासडीएक्स: यादीची फाइल तुमच्याच ताब्यात, पण तिच्या प्रती काढायची जबाबदारीही तुमचीच. तिसरा, फोनबरोबर आलेला: अँड्रॉइडवर गूगलचा, आयफोनवर २०२४ पासून वेगळं झालेलं अॅपलचं पासवर्ड्स अॅप. काहीच नसण्यापेक्षा हा उत्तम, फक्त फोनचं लॉक १२३४ असेल तर तिजोरीला दारच नाही असं समजा. मी स्वतः बिटवॉर्डन वापरते. प्रती काढायच्या शिस्तीवर माझा स्वतःचाच भरवसा नाही, हे त्याचं खरं कारण.

ऑनलाइन तिजोरी फुटते का? फुटते. २०२२ मध्ये लास्टपास कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, साइटचे पत्ते मात्र उघडे होते. प्रती चोराच्या हाती गेल्यावर ग्राहकाला वाचवणारी एकच गोष्ट उरली, त्याचा मास्टर पासवर्ड किती लांब आहे.

म्हणून तो लांब करा. विचित्र नको, लांब. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हा छळ ज्यांच्या २००३ च्या अमेरिकन सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरला, त्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल पस्तावा व्यक्त केला, आणि त्याच वर्षी ती मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेने असे नियम आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती मागे घेतली. त्या सक्तीने काय होतं ते आप्पांच्या डायरीत दिसायचं: सांगली@१२३, मग सांगली@१२४, मग सांगली@१२५.

लांब कसा करायचा? सापशिडीच्या डब्यातला फासा काढा. इंग्रजीत यासाठी १९९५ पासून एक पद्धत आहे, डाइसवेअर: पाच वेळा फासा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलायचा. सहाच्या पाचव्या घाताइतके शब्द, म्हणून हा आकडा. सहा शब्द उचलले की शक्यता होतात दोनावर तेवीस शून्यांहून जास्त. मराठीत मी घरचा शब्दकोश घेते, डोळे मिटून उघडते, फाशावर जितके पडतील तितका वरून शब्द. शब्दकोश बहुतेक मधेच उघडतो, म्हणजे ही पद्धत डाइसवेअरइतकी चोख नाही, म्हणून मी सात शब्द घेते. सुतळी गच्ची बगळा वेलदोडा पाटा खुंटी दिवाण. (हा आता छापला गेला, वापरू नका.) शब्द स्वतः निवडू नका. स्वतः निवडलं की गणपती बाप्पा मोरया किंवा आवडत्या अभंगाची ओळ येते, आणि ती सगळ्यांनाच येते.

रोमन लिपीत टाइप करताना 'गच्ची' मध्ये सी किती आणि एच किती, 'वेलदोडा' व्हीने की डब्ल्यूने, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. अनुभव आहे. म्हणून मास्टर पासवर्ड जसा टाइप केलात, अक्षरन्‌अक्षर तसाच कागदावर लिहा. डोक्यात बसेपर्यंत आठवडाभर रोज एकदा टाइप करा.

मग क्रमाने असं करा. आधी मास्टर पासवर्ड, तो कागदावर. मग मॅनेजरला दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) लावा आणि त्याचा रिकव्हरी कोड, म्हणजे दुसरा टप्पा अडला तर चालणारा, कागदावर. मग ब्राउझरमधली जुनी यादी फाइल करून मॅनेजरमध्ये ओढून घ्या. ती सीएसव्ही फाइल साध्या मजकुरात असते आणि डाउनलोड्समध्ये पडून राहते. काम झालं की लगेच पुसा, रीसायकल बिनमधूनही. मी पाहिलेल्या दोन लॅपटॉपवर ती वर्षभर तशीच होती. त्यानंतर ब्राउझरला पासवर्ड साठवायचं बंद करायला सांगा.

सगळे पासवर्ड एकाच दिवशी बदलायला जाऊ नका, कंटाळून अर्ध्यावर सोडाल. आज ईमेल, या आठवड्यात पैशांचा ढीग, बाकीचे जसजसे लॉगिन कराल तसतसे. नवा पासवर्ड मॅनेजरलाच बनवू द्या, तो तुम्हाला पाठ असायची गरज नाही.

गूगल खात्याचे बॅकअप कोड विसरू नका. सुरक्षा सेटिंगमध्ये दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. फोन हरवला, सिम गेलं, तरी पासवर्ड आणि त्यांतला एक कोड हाती असला की मेल उघडतो. २०१९ च्या दिवाळीत माझ्याकडे मेलचा पासवर्ड आणि हे कोड कागदावर असते तर नऊ दिवसांची नऊ मिनिटं झाली असती.

घरच्यांसाठी पाकीट

हा कागद वहीपेक्षा वेगळा. एक पान, एक पाकीट, तोंड चिकटवून त्यावर सही आणि तारीख, म्हणजे उघडलं तर कळावं. आत: फोनचं लॉक, मुख्य ईमेलचा पासवर्ड, मॅनेजरचं नाव आणि मास्टर पासवर्ड, त्याचा रिकव्हरी कोड, गूगलचे बॅकअप कोड. त्याखाली कुठे काय आहे याची यादी: कुठल्या बँकेत कुठल्या शाखेत खातं, कुठला विमा, कुठला फंड, लॉकर आहे का, नॉमिनी कोण.

बँकेचे पासवर्ड या पाकिटात वेगळे लिहू नका, आणि मॅनेजरमध्ये सापडले तरी माघारी वापरू नका हे घरच्यांना बजावून ठेवा. खातेदार गेल्यावर त्याच्या लॉगिनने पैसे वळवणं म्हणजे वारसांच्या भांडणाला आयतं कोलीत. त्यासाठी नॉमिनी असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. खातेदार जिवंत असतानाही सांभाळून. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतःच पासवर्ड दुसऱ्याला दिल्याने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं.

सिमचं मात्र आवर्जून लिहा: नंबर कुणाच्या नावावर, रिचार्ज कधी संपतो. माणूस गेला की घरचे आधी फोन बंद करतात. ओटीपी त्याच नंबरवर येणार असतात, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांचा काळ उलटला की दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. सगळी कामं उरकेपर्यंत तो चालू ठेवा.

गूगलवर 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' लावून ठेवा. ठरवलेला काळ, तीन ते अठरा महिने, तुम्ही खातं वापरलं नाही तर नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि हवा तेवढा डेटा मिळतो. आयफोनवर 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, त्याची किल्ली छापून याच पाकिटात टाका.

रंगीत तालीम

पाकीट तयार झालं की नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा मोठ्या मुलाच्या हातात द्या, स्वतः शेजारी बसा आणि तोंडातून शब्द काढू नका. "माझा मेल उघड आणि विम्याची पॉलिसी शोध," एवढंच सांगा.

आमच्याकडे हे पहिल्या मिनिटाला फसलं. फोनच्या पॅटर्नचं चित्र मी नऊ ठिपके काढून छान रेखाटलं होतं. ह्यांनी दोनदा ओढलं, दोनदा चुकलं. सुरुवात कुठल्या ठिपक्यापासून, हे मी दाखवलंच नव्हतं! तिथे बाण काढला. मग मेल उघडताना फोन विचारतो, 'तुम्हीच आहात का?' ते लाल अक्षर पाहून ह्यांनी घाबरून 'नाही' दाबलं. ती ओळ पाकिटात वाढवली: 'हो दाबा'. तिसऱ्या तालमीला बावीस मिनिटांत पॉलिसी हाती आली. वर्षातून एकदा, मी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, पाकीट फोडते, बदललेलं दुरुस्त करते, नवं चिकटवते.

वही गेलीच तर

ती नक्की गेली की इकडेतिकडे पडलीय, याचा शोध नंतर घ्या. आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' दाबा. मग मॅनेजरचा मास्टर पासवर्ड, मग नेट बँकिंग. दुसरी प्रत पाहून क्रमाने पुढे. पैसे गेलेले दिसले तर बँकेला लगेच कळवा आणि १९३० वर फोन करा, त्यात तास-दोन तासही मोजले जातात. फोन हरवला असेल तर आधी सिम बंद करा, त्याच नंबरचं नवं सिम घ्या, बाकीचं मग.

जुनी वही रद्दीत देऊ नका. फाडून कचऱ्यात टाकणं पुरेसं नाही, बॉलपेनने लिहिलेले तुकडे जुळवता येतात. पानं सुटी करा, बादलीत रात्रभर भिजत घाला आणि सकाळी हाताने कुस्करून लगदा करा. आप्पांची ती पुरातली डायरी मात्र आईने अजून ठेवलीय, तिच्यातून कुणाला काही मिळायचं नाही. पेन्सिलीची ती एक ओळ सोडून, आणि तो पासवर्ड मी बदललाय.